‘वय झालं’ हे निदान नव्हे

खुर्चीतून उठणारं सत्तरीतलं माणूस एकदा नीट बघा. आधी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर जातात. मग थोडं पुढे झुकणं, एक हलका झोका, एक ‘आई गं’, आणि उभं राहिल्यावर गुडघे सरळ होईपर्यंत तसंच थांबणं. त्यानंतर पहिलं पाऊल. हे आपण इतक्या वेळा पाहिलेलं असतं, की यात काही आजार असेल असं मनातही येत नाही. ‘वय झालं, दुखणारच’ म्हणून विषय मिटतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे ‘निरोगी वार्धक्याचं दशक’ जाहीर केल्यापासून म्हाताऱ्यांच्या संख्येचे आकडे अधूनमधून बातम्यांत झळकतात. २०३० मध्ये जगातल्या दर सहा माणसांत एक जण साठीपुढचा असेल. २०५० पर्यंत असे लोक २१० कोटी होतील आणि त्यांतले दोन तृतीयांश गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत असतील. बातमी इथे थांबते. या लोकांना स्वतःच्या पायांवर उभं राहता येईल का, हे ती सांगत नाही.

आधी एक गाठोडं सोडू

बोलण्यात आपण सगळ्यालाच ‘संधिवात’ म्हणतो. त्या एका शब्दात किमान तीन वेगळे आजार बांधलेले असतात.

पहिला सांध्यांची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. दुसरा आमवात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती वाट चुकून स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. तिसरा हाडांचा ठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. यात सांध्याचा काही संबंधच नसतो, हाड आतून पोकळ होत जातं.

हा फरक शब्दांपुरता नाही. गुडघा दुखतो म्हणून कॅल्शिअमची गोळी घेणं म्हणजे दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून भिंतीला सिमेंट लावणं. भिंतीचं भलं होईलही, पण दार कुरकुरतच राहणार. गंमत अशी, की ठिसूळ झालेलं हाड दुखतच नाही. ते मोडेपर्यंत गप्प असतं. त्यामुळे जे दुखतं त्यावर चुकीचा उपाय होतो आणि जे दुखत नाही त्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

झीज की आमवात, हे ओळखायची एक साधी खूण आहे. झिजेच्या दुखण्यात सकाळी सांधे आखडलेले असले तरी साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात, आणि दिवसभराच्या वापराने संध्याकाळी दुखणं वाढतं. आमवातात सकाळचा ताठरपणा बराच वेळ, अनेकदा तासाहून जास्त टिकतो. हाताच्या बोटांचे लहान सांधे सुजतात, बहुधा दोन्ही हातांचे एकदम. असं असेल तर थांबू नये. आमवातावर मेथोट्रेक्सेट हे जुनं आणि तुलनेने स्वस्त औषध आहे, आणि सांधे वाकडे होण्याआधी सुरू केलं तर बरंच नुकसान टळतं. मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कोणत्या वारी घ्यायचं ते पाकिटावर ठळक लिहून ठेवावं.

खोदणारी टोळी आणि भरणारी टोळी

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. ते कायम काम चालू असलेल्या रस्त्यासारखं असतं. पेशींची एक टोळी जुनं हाड खोदून काढत असते आणि दुसरी मागून येऊन तिथे नवीन भरत असते. या उलाढालीत साधारण दहा वर्षांत जवळपास सगळा सांगाडा नवा होतो.

तरुणपणी भरणारी टोळी पुढे असते. तिशीच्या आसपास हाडांची मजबुती सर्वांत जास्त असते. पुढे खोदकाम हळूहळू वरचढ होत जातं. बाईच्या शरीरात खोदणाऱ्या टोळीवर एक मुकादम असतो, इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक. पाळी थांबली की हा मुकादम निघून जातो आणि खोदणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. म्हणूनच पन्नाशीपुढच्या दर तीन बायकांमागे एकीचं हाड उरलेल्या आयुष्यात ठिसूळपणामुळे मोडतं. पुरुषांत हे प्रमाण पाचांत एक आहे.

किती ठिसूळ म्हणजे आजार? जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये त्याची रेघ ठरवली. डेक्सा नावाच्या यंत्रावर हाडाची घनता मोजतात आणि निरोगी तरुण माणसाच्या घनतेशी ताडून बघतात. त्यातून येणाऱ्या आकड्याला टी-स्कोअर म्हणतात. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस.

अडचण यंत्राची आहे. विकसनशील देशांत ही यंत्रं मोजकी आणि तीही मोठ्या शहरांत असतात. त्यावर तोड म्हणून २००८ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातून ‘फ्रॅक्स’ नावाचं गणित आलं. वय, वजन, उंची, आधी हाड मोडलं होतं का, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, स्टिरॉइड औषधं, अशा प्रश्नांच्या उत्तरांवरून पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता ते सांगतं. यंत्र नसलं तरी चालतं. पण त्या गणितात त्या-त्या देशात हाडं मोडण्याचं प्रमाण घालावं लागतं, आणि अनेक गरीब देशांत ते कुणी मोजलेलंच नाही. घोडं तिथेच अडतं.

दाराची वरची कडी

एक आजी रोज रात्री दाराची वरची कडी लावतात. एके वर्षी टाचा उचलाव्या लागतात. पुढच्या वर्षी हात पोचतच नाही. घरातले हसून म्हणतात, आजी, तुम्ही आटत चाललात.

आजी आटत नसतात, त्यांचे मणके खचत असतात. ठिसूळ झालेला मणका मोडायला पडावं लागत नाही. वाकून काही उचललं, जोराचा खोकला आला, एवढंही पुरतं. मणका वरून दाबलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा चेपतो. अशा मोडलेल्या तीन मणक्यांपैकी जेमतेम एक डॉक्टरच्या लक्षात येतो, बाकीचे ‘पाठ धरली’ या नावाखाली निघून जातात. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उंची घटली असेल, तर ती पाठीचा एक्स-रे काढायची पुरेशी खूण आहे. उंची मोजायला यंत्र लागत नाही. भिंत, पेन्सिल आणि जुनी उंची आठवणारं कुणी तरी, बस.

मनगटाचंही असंच. उभ्याउभ्या तोल जाऊन पडलं आणि हात टेकताना मनगट मोडलं, तर धडधाकट हाड सहसा एवढ्याने मोडत नाही. प्लॅस्टर चढतं, दीड महिन्याने उतरतं, हात जुळतो आणि सगळे विसरून जातात. एकदा असं हाड मोडलेल्या माणसाचं दुसरं हाड मोडण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. मोडलं कशामुळे, हे विचारायची खरी वेळ प्लॅस्टर उतरतानाची. माझ्या मते या विषयातली सर्वांत स्वस्तात साधता येणारी आणि सर्वांत जास्त वेळा हुकणारी संधी हीच आहे.

कारण पुढचा नंबर अनेकदा खुब्याचा लागतो. खुबा मोडल्यावर दर पाच जणांमागे सुमारे एक जण वर्षभरात दगावतो. हाड मोडून माणूस मरत नाही, अंथरुणाला खिळून मरतं. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात. म्हणून एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून माणसाला उभं करणं हाच खरा उपाय. गरीब देशांत कित्येकांची शस्त्रक्रिया उशिरा होते, काहींची होतच नाही. ‘या वयात कशाला कापाकापी’ हे वाक्य प्रेमापोटी म्हटलं जातं. पण बऱ्याचदा पडून राहण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या धोक्याहून मोठा असतो.

‘गॅप कमी झाली’ म्हणजे नेमकं काय?

आता सांध्याकडे येऊ. दोन हाडं जिथे भेटतात तिथे त्यांच्या टोकांवर एक गुळगुळीत, लवचीक थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात, बोलण्यात आपण ‘गादी’ म्हणतो. या गादीत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न मिळतं कसं? स्पंजसारखं. पाऊल टेकलं की ती दाबली जाते आणि आतलं पाणी बाहेर जातं, पाऊल उचललं की सांध्यातला द्रव पोषण घेऊन आत शिरतो. न चालणाऱ्या माणसाची गादी उपाशी राहते.

ही गादी विरळ झाली की एक्स-रेत दोन हाडं जवळ आलेली दिसतात. तीच ती ‘गॅप कमी झाली’. पण गादीत वेदना पोचवणाऱ्या नसाही नसतात, म्हणजे ती स्वतः दुखू शकत नाही. दुखतं ते भोवतालचं अस्तर, खालचं हाड, स्नायूबंध आणि कमकुवत झालेले स्नायू. म्हणूनच एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ अनेकदा बसत नाही. कुणाच्या एक्स-रेत फारसं काही नसतं आणि ते कण्हत असतात, तर कुणाच्या गुडघ्यात गॅप उरलेली नसते आणि ते आरामात फिरत असतात. खिडकीकडे धरलेली ती काळी फिल्म पाहून घाबरून जाऊ नये. उपचार फिल्मवर करायचे नसतात, माणसावर करायचे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगात ५२.८ कोटी लोकांना सांध्यांची झीज होती. १९९० पासून हा आकडा दुपटीहून अधिक झाला. त्यांतल्या ३६.५ कोटींचं दुखणं गुडघ्याचं.

हा सुखवस्तू देशांचा आजार नाही का?

हा समज बरीच वर्षं टिकून होता आणि त्याला आधारही होता. खुबा मोडण्याचं प्रमाण सर्वांत जास्त स्कँडिनेव्हियातल्या देशांत आढळतं, आणि तिथे लोकांच्या आहारात कॅल्शिअमही भरपूर असतं. मग कष्टाच्या कामाने गरिबांची हाडं मजबूत राहतात, असं म्हणून जग मोकळं झालं.

दोन गोष्टी बदलल्या. माणसं जास्त जगू लागली आणि शहरात आली. बीजिंगमध्ये १९९० ते ९२ आणि २००२ ते ०६ या दोन काळांची तुलना केली, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांत खुबा मोडण्याचा दर अडीच पटीहून जास्त वाढलेला दिसला. वयाचा फरक वजा करूनही. १९९२ मध्येच तज्ज्ञांनी हिशेब मांडला होता, की १९९० मध्ये जगात सुमारे १६.६ लाख खुबे मोडले आणि २०५० मध्ये ६२.६ लाख मोडतील. त्यातला मोठा वाटा आशियाचा.

गुडघ्याच्या बाबतीत तर समज पारच उलटा निघाला. बीजिंगमधले वृद्ध आणि अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावचे वृद्ध यांची तुलना २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. चिनी बायका अंगाने सडपातळ, तरीही त्यांच्यात गुडघ्यांची झीज अमेरिकी बायकांपेक्षा जास्त होती. खुब्याची झीज मात्र चिन्यांत अगदीच कमी. पुढच्या संशोधनात एक धागा हाती लागला. पंचविशीत रोज जितका जास्त वेळ उकिडवं बसण्यात गेला, तितकी उतारवयात गुडघ्याची झीज जास्त. कष्टाने हाड बळकट होतं हे खरंच. पण वर्षानुवर्षं ओझी वाहणं आणि दुमडलेल्या गुडघ्यावर काम करणं याची किंमत सांधा मोजतो.

शिवाय विकसनशील देशांत या दुखण्यांत आणखी काही भिडू मिसळतात. पाण्यात फ्लोराइड जास्त असेल (सुरक्षित मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम), तर ते वर्षानुवर्षं हाडांत साठतं. एक्स-रेत हाड भरीव दिसतं, पण असतं ठिसूळ, आणि पाठ लाकडासारखी ताठ होत जाते. भारतात हे पहिल्यांदा नोंदलं गेलं १९३७ मध्ये, नेल्लोर भागात. पूर्व आफ्रिका आणि चीनमध्येही असे पट्टे आहेत. तिथल्या म्हाताऱ्यांना ‘संधिवाताची’ गोळी देऊन काय होणार, आधी पाणी बदलायला हवं.

दुसरा भिडू चिकुनगुनिया. हे नाव पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतलं, अर्थ साधारण ‘जो वाकवून टाकतो’ तो. डास चावल्यानंतरचा ताप आठवड्यात उतरतो, सांधे मात्र महिनोन्‌महिने धरून बसतात, वयस्करांचे तर जास्तच. तिसरा क्षय. तो मणक्यातही होतो. पाठदुखीबरोबर बारीक ताप, वजन घटणं, रात्री जास्त दुखणं असं असेल, तर ‘वय झालं’ हे उत्तर धोक्याचं आहे. वेळेवर औषधं मिळाली तर मणक्याचा क्षय बरा होतो, उशीर झाला तर पाय लुळे पडू शकतात.

पण याने जीव तर जात नाही ना?

इथेच सगळी मेख आहे. आरोग्यावरचा पैसा बराचसा मृत्यूंच्या यादीकडे बघून वाटला जातो. गुडघा त्या यादीत कधीच येत नाही. आणि तरीही जगात १७१ कोटी लोक हाडं, सांधे, स्नायूंच्या दुखण्यांसह जगतात, आणि अपंगत्वाचं सर्वांत मोठं कारण म्हणून याच दुखण्यांकडे बोट दाखवलं जातं.

तसं ‘जीव जात नाही’ हेही पूर्ण खरं नाही. पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात. त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात, आणि सर्वाधिक धोका साठीपुढच्यांना.

गुडघा दुखणारा माणूस चालणं कमी करतो. चालणं कमी झालं की साखर आणि रक्तदाब वाढतो, वजन वाढतं, ते पुन्हा गुडघ्यावर येतं. जिथे पेन्शन नाही, तिथे सत्तरीतही काम करावं लागतं, म्हणजे गुडघा गेला की मिळकतही गेली. आणि त्यांना सांभाळायला घरातली कुणीतरी, बहुधा बाईच, स्वतःचं काम सोडते. हे नुकसान कुठल्याच रुग्णालयाच्या नोंदवहीत दिसत नाही.

मोजण्याचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने ‘कॉपकॉर्ड’ नावाचा उपक्रम सुरू केला, खास विकसनशील देशांसाठी. महागडी यंत्रं नकोत. प्रशिक्षित स्वयंसेवक दारोदार जाऊन ‘गेल्या आठवड्यात काही दुखलं का’ असं विचारणार, आणि हो म्हणणाऱ्यांना डॉक्टर तपासणार. फिलिपाईन्स, इंडोनेशिया, बांगलादेश, मेक्सिको अशा अनेक देशांत हे झालं. भारतात १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला. दवाखान्यात न येणारं दुखणं किती आहे, हे दारावर जाऊन विचारल्यावरच कळलं.

उष्ण देशांत ‘ड’ जीवनसत्त्व कमी कसं?

ऊन आहे, पण ते कातडीपर्यंत पोचायला हवं. सावळ्या त्वचेला तेवढंच जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं, म्हाताऱ्या त्वचेची बनवण्याची ताकद घटलेली असते, अंग झाकलेलं असतं आणि दिवस घरात जातो. त्यामुळे दक्षिण आशिया आणि मध्यपूर्व या उन्हाच्या प्रदेशांतच ही कमतरता सर्रास सापडते.

कमतरता असेल तर भरून काढावी. पण सरसकट सगळ्यांनी खाण्यात फायदा दिसत नाही. अमेरिकेत २५ हजारांहून जास्त निरोगी प्रौढांवर झालेल्या अभ्यासात, २०२२ मध्ये लागलेल्या निकालानुसार, रोज ‘ड’ घेणाऱ्यांची हाडं न घेणाऱ्यांइतकीच मोडली. आणि ‘वर्षातून एकदा मोठा डोस, मग चिंता नाही’ हा सोपा वाटणारा मार्ग तर उलटा पडला. ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षाकाठी एकदम ५ लाख युनिट दिली, तेव्हा त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. हा अभ्यास २०१० चा. ग्लुकोसामाईनची पाकिटं अजूनही हातोहात खपतात. २००६ च्या मोठ्या चाचणीत एकंदर रुग्णांत ती नकली गोळीहून सरस ठरली नव्हती. विकणाऱ्यांनी हे सांगावं अशी अपेक्षाही नाही.

खरी औषधं आहेत. हाड ठिसूळ असेल तर अलेंड्रोनेट ही आठवड्याला एक गोळी खोदणाऱ्या टोळीला आवर घालते. तिचं पेटंट कधीच संपलंय. उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते.

वेदनाशामकांबद्दल मात्र कानाला खडा लावावा. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज, वर्षानुवर्षं घेतल्या तर पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्तदाब चढतो. आणि जी निनावी पुडी किंवा इंजेक्शन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतं, त्यात स्टिरॉइड असण्याची दाट शंका घ्यावी. विनादेखरेख लांबलेलं स्टिरॉइड हाडं पोखरतं. म्हणजे सांध्याचं दुखणं हाडावर ढकलून दिलेलं असतं.

चाललं तर आणखी झिजणार नाही का?

गाडीच्या टायरची उपमा सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलीय. पण टायर स्वतःची डागडुजी करत नाही, सांधा थोडीफार करतो, आणि गादीला अन्नच हालचालीतून मिळतं. बेताचं चालणं आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांनी गुडघ्याचं दुखणं कमी होतं. मांडीचा स्नायू हा गुडघ्याचा धक्का झेलणारा. तो वाळला की सगळा दणका सांध्यावर. वजनाचंही गणित ऐकण्यासारखं आहे. एक किलो वजन उतरलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आता दिवसाची पावलं मोजा.

आणि आता या वयात काय फरक पडणार?

१९९० मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला. एक जण मध्येच सुटला, नऊ टिकले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी चालतानाची काठी सोडली. सुरुवातीला तिघांना हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नव्हतं. त्यांतला एक जण शेवटी हात न लावता उठला.